विलायतेला निघण्यापूर्वी



आपल्या सदरात आजवर मुलांचे प्रवेश, पतपेढीचे हप्ते, आजारपणाचा खर्च, लग्नातला वायफळ खर्च अशा विषयांवर आपण बोललो. आजचा विषय ऐकून काही वाचक भुवया उंचावतील. विषय आहे, सुट्टीत कुटुंबासह इंग्लंड-स्कॉटलंड बघायला जायचे असेल तर तयारी कशी करावी. "कारकून माणूस आणि विलायतेच्या गोष्टी?" असे कोणी म्हणेल. आमच्या वस्तीत म्हटलेच आहे. पण चार वर्षे पैसे साठवताना, एकदा तोंडावर आपटून पुन्हा उभे राहताना जे शिकलो ते आपल्या माणसांना सांगितले नाही, तर त्या शिकण्याचा उपयोग काय?

सुरुवात आमच्या लेकीने केली. ती तेव्हा सहावीत होती. भूगोलाच्या पुस्तकात मूळ रेखावृत्ताचा धडा होता. तिची आई, म्हणजे माझी पत्नी, प्राथमिक शिक्षिका. तिने फळ्यावर ग्रीनिचची ती शून्य अंशाची रेघ शेकडो वेळा काढलेली. लेक म्हणाली, "आई, तू ही रेघ पाहिलीस का कधी?" पत्नी हसली आणि म्हणाली, "मी नुसती काढते, बघतात दुसरेच." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. त्या रात्री आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेतली आणि ठरवले की लेकीची दहावी संपेल त्या मे महिन्यात जायचे. कर्ज काढायचे नाही. समाजाचा विसावा हिस्सा बाजूला काढायचा, घरखर्च, विमा आणि लेकीच्या शिक्षणाची ठेव यांना हात लावायचा नाही. उरेल त्यातून बँकेत आवर्ती ठेव, दरमहा १५,००० रुपये, ७,००० माझे आणि ८,००० तिचे. अठ्ठेचाळीस महिन्यांत मुद्दल ७,२०,००० होते, व्याज वेगळे.

या चार वर्षांत नवा टीव्ही आला नाही, मोटारसायकल जुनीच राहिली. तक्रार नाही. कोणी सोने घेतो, कोणी गावी बंगला बांधतो, आम्ही ही वाट धरली.

आईला विचारले तर ती म्हणाली, "मला नका धरू. माझ्या वाटणीच्या पैशात छपराचं काम करा." आईचे वय ७१. नगरपालिकेच्या सफाई कामावर तीस वर्षे हातात झाडू धरून तिने आम्हा तीन भावंडांना शिकवले. गुडघे गेलेत. पण निजायच्या वेळी हळूच म्हणाली, "बाबासाहेब शिकत असताना राहिले ते घर तिथंच हाय ना? तेवढं एक बघितलं असतं." झाले! त्या दिवसापासून आमची सहल चौघांची झाली आणि सगळा बेत आईच्या गुडघ्यांच्या मापाने आखायचा, असे ठरले. हे मी मुद्दाम सांगतो. ज्या घरात म्हातारे माणूस आहे त्यांनी बेत त्याच्या चालीने करावा. तरुण माणूस हळू चालू शकतो, म्हाताऱ्याला धावता येत नाही.

आमची चूक

आता जी गोष्ट सांगायला लाज वाटते ती आधी सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी, २०२४ च्या सुरुवातीला, आमचा धीर सुटला. ठेवीत तेव्हा निम्मेच पैसे जमले होते. दहावीपर्यंत थांबायचे कशाला, उरलेले बोनस आणि थकबाकीतून भागवू, असे वाटले. एका एजंटकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, खात्यात आकडा मोठा दिसला पाहिजे. कोणाकडून तीन लाख आणून महिनाभर ठेवा, व्हिसा मिळाला की परत करा. सगळे असेच करतात." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कचेरीत लेखा विभागात बसतो. पावतीवर तारीख नसेल तर लोकांची बिले परत पाठवतो. पण स्वतःच्या बाबतीत माझी अक्कल गहाण पडली. मेव्हण्याने आपली मुदत ठेव मोडून तीन लाख दिले. ते खात्यात आले आणि आठ दिवसांनी अर्ज गेला.

अर्ज नामंजूर झाला. पत्रातले कारण अगदी सरळ होते. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी मोठी रक्कम आली आहे, तिचा उगम कळत नाही आणि पगाराशी तिचा मेळ बसत नाही. मी कचेरीत जो शेरा दुसऱ्यांच्या कागदावर मारतो, तोच शेरा परक्या देशातल्या कारकुनाने माझ्या कागदावर मारला होता. त्याचे काय चुकले? तेव्हा फी माणशी ११५ पौंड होती. चौघांची फी गेली, ती परत मिळत नाही. मेव्हण्याचे ठेवीवरचे व्याज बुडाले ते वेगळेच. त्याच्यासमोर बसून माफी मागितली. तो मोठ्या मनाचा, म्हणाला, "भाऊजी, जाऊ द्या." पण आईने आठवडाभर मला एकच विचारले, "आपले पैसे कमी होते तर कमी म्हणून सांगायचं. दुसऱ्याचे कशाला दावले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

बंधुभगिनींनो, यातून शिकायचे ते एवढेच की व्हिसा अधिकारी केवळ शिल्लक बघत नाही. पैसा कुठून येतो, दरमहा किती येतो, किती जातो, आणि एवढ्या मिळकतीच्या माणसाला हा खर्च परवडतो का, हे तो बघतो. पंधरा हजारांनी चार वर्षे वाढलेली ठेव ही उसन्या पाच लाखांपेक्षा बोलकी असते.

कागदपत्रे

पहिला कागद पासपोर्ट. घरातल्या जुन्या माणसांकडे जन्मदाखला नसतो, म्हणून अनेकजण पासपोर्टच काढत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला सक्तीचा आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड असे जन्मतारखेचे इतर पुरावे चालतात. मुख्य अडचण वेगळीच येते. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरे, बँकेत तिसरे. आईच्या आधार कार्डावर नवऱ्याचे नाव मधे होते, पेन्शनच्या कागदावर नव्हते. ते जुळवायला आम्हाला चार महिने लागले. म्हणून सहलीचे ठरले की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या नावांची स्पेलिंगे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा.

दुसरी गोष्ट. ब्रिटन युरोपात असले तरी त्याचा व्हिसा स्वतंत्र आहे. फ्रान्स, जर्मनी, इटली यांचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही आणि ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिस बघता येत नाही. आमचे एक स्नेही म्हणाले, "एवढे जाताय तर दहा दिवसांत पाच देश उरकून घ्या." मी म्हटले, आम्हाला उरकायचे नाही, बघायचे आहे. एक देश, एक व्हिसा, तीन गावे.

व्हिसाचा अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. एजंटची गरज नाही. इंग्रजी फॉर्म दिसला की आपण घाबरतो, पण प्रश्न साधे असतात. नोकरी काय, पगार किती, खर्च किती, सोबत कोण. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तान्ह्या मुलाचासुद्धा. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाची फी ९ एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड झाली. ती वरचेवर वाढते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा बघावा. फॉर्म भरल्यावर व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. आमच्या लेकीची दहावीची परीक्षा आणि अर्जाचे दिवस एकत्र आले. म्हणून आम्ही ठशांची वेळ घेताना आधी परीक्षेचे वेळापत्रक समोर ठेवले.

सोबत आम्ही जोडले ते असे. सहा महिन्यांची बँकेची विवरणपत्रे, आवर्ती ठेवीचा सुरुवातीपासूनचा उतारा, दोघांच्या पगारपत्रिका, फॉर्म १६ आणि आयकर विवरण, रजा मंजुरीचे पत्र, आईचे पेन्शन पुस्तक आणि तिचा खर्च मी करणार असल्याचे माझे पत्र, लेकीचा जन्मदाखला, दिवसवार प्रवासाचा बेत. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे इंग्रजी भाषांतर लागते. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही आणि तारीख हवी. सरकारी-निमसरकारी नोकरांनी कार्यालयाची परदेश प्रवासाची परवानगी वेळेत मागावी. आमच्याकडे ती फाईल तीन टेबलांवरून फिरली. मी स्वतः फाईल फिरवणारा माणूस, म्हणून हसू आले.

आणि आता खरा पेच. फॉर्ममध्ये विचारतात, पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का? एका ओळखीच्या गृहस्थाने सल्ला दिला, "नाही म्हणून लिहा, कोण बघतो?" पत्नीने माझ्याकडे बघितले. खरे सांगतो, माझे बोट क्षणभर अडखळले. पण मागचा नकार त्यांच्याच दप्तरात आहे. तो लपवणे म्हणजे फसवणूक धरली जाते आणि दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. त्याहून मोठी भीती आईच्या प्रश्नाची होती. मी "होय" लिहिले. सोबत एक पानाचे पत्र जोडले की २०२४ मध्ये खात्यात आलेले तीन लाख नातेवाईकाचे होते, ते परत केले, आमच्याकडून चूक झाली, आणि या वेळी जे दाखवले आहे ते आमच्या पगारातले आहे. ते पत्र मी चार वेळा लिहिले. इंग्रजी लेकीने सुधारले. बापाची चूक लेकीने सुवाच्य अक्षरात लिहिणे, यासारखी शिक्षा नाही आणि यासारखा संस्कारही नाही.

हिशेब

आता आकडे. पौंड कमी-जास्त होतो. मी हिशेबाला १२५ रुपये धरला, उगाच कमी धरून फसायला नको.

चौघांची विमानाची तिकिटे २,६०,०००. व्हिसा फी ६३,५००. दहा रात्रींचा मुक्काम, सरासरी १३० पौंडांप्रमाणे, १,६२,५००. तिकडचा रेल्वे-बस प्रवास ४५० पौंड म्हणजे ५६,२५०. जेवणखाण दिवसाला चौघांचे ६० पौंड, म्हणजे ७५,०००. प्रवेशाची तिकिटे २५० पौंड, ३१,२५०. विमा आणि किरकोळ २०,०००. बेरीज ६,६८,५००. अडीअडचणीसाठी साधारण पाच टक्के म्हणजे ३३,५०० धरले तर ७,०२,०००. मुद्दलातच बसते, व्याज हाताशी राहते. हा आमचा अंदाज आहे. तुमची माणसे, तुमचा महिना, तुमची भूक यांप्रमाणे तुमचा वेगळा होईल. पण आकडा कागदावर आल्याशिवाय पाऊल उचलू नका.

सहल कंपनीचे पत्रकही आणले होते. चौघांचा आकडा आमच्या अंदाजाच्या दीडपटीच्या वर गेला. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर कंपनी आपल्याकडून आयकराची उगमवसुली करते. ती विवरणपत्रात वळती होते, पण आधी खिशातून जाते. कंपनीबरोबर जाण्यात सोय आहे, हे मान्य. भाषा, जेवण, सामान याची काळजी नसते. पण सकाळी सातला बसमध्ये बसा, वीस मिनिटांत फोटो काढा, पुन्हा बसा, हे आईला झेपणार नव्हते. आणि तिला बघायचे घर कोणत्याच पत्रकात नव्हते.

तिकिटे व्हिसा हातात पडल्यावरच काढावीत, असा तिकडच्या सरकारचाही सल्ला आहे. मुक्काम मात्र फुकट रद्द करता येईल असा आधी धरून ठेवता येतो. चौघांना एक खोली मिळणे तिथे अवघड. हॉटेलच्या बहुतेक खोल्या दोघांच्या असतात. आम्ही लंडनला छोटे स्वयंपाकघर असलेले घर बघितले. पहिला मजला आणि लिफ्ट आहे का, हे विचारून घेतले. जुन्या इमारतींत अरुंद जिने फार.

कोणता महिना, किती दिवस

मे महिना का? आपल्या शाळांना सुट्टी, तिकडे हिवाळा संपलेला आणि शाळा चालू. मेच्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी तिकडे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. म्हणून आम्ही १० ते २० मे धरले. या दिवसांत लंडनला रात्री साडेआठ-पावणेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात तिथे चारच्या आत अंधार पडतो. उजेड फुकट मिळतो, तो जास्तीत जास्त घ्यावा. मात्र आपल्या मे महिन्याच्या भरवशावर राहू नका. तिकडे दुपारीही पंधरा-अठरा अंशच असतात आणि पाऊस केव्हाही येतो. जाड कोटापेक्षा थरावर थर घालता येतील असे कपडे आणि पावसाळी जाकीट बरे.

आणखी एक हिशेब. तिकडे पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना रेल्वेचे तिकीट अर्धे. कुटुंबासाठी वर्षाचे एक रेल्वे कार्ड मिळते, मार्च २०२५ पासून त्याची किंमत ३५ पौंड झाली. सोबत या वयाचे मूल असेल तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते. आमच्या लेकीला जूनमध्ये सोळा पूर्ण होतील. महिनाभर उशीर केला असता तर ही सूट गेली असती.

दहा रात्रींची वाटणी अशी. लंडन सहा, यॉर्क दोन, एडिंबरो दोन. जाताना मुंबईहून लंडनला थेट विमान, येताना एडिंबरोहून परत. असे जाण्या-येण्याचे वेगळे विमानतळ एकाच तिकिटात घेता येतात, म्हणजे लंडनला पुन्हा मागे येण्याचा दिवस आणि पैसा वाचतो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून यॉर्क सुमारे दोन तास, तिथून एडिंबरो सुमारे अडीच तास, एकाच मार्गावर. रेल्वेची आगाऊ तिकिटे आठ-बारा आठवडे आधी स्वस्त मिळतात, ऐनवेळी तीच दुप्पट-तिप्पट होतात. पण ती परत होत नाहीत, म्हणून पुन्हा व्हिसाची वाट बघणे आले.

काय बघायचे

आम्ही घरात सभा घेतली. प्रत्येकाने दोन ठिकाणे सांगायची, बाकीच्यांनी नाक मुरडायचे नाही. पत्नीचे पहिले नाव ग्रीनिच. तिथे वेधशाळेच्या आवारात ती रेघ आखलेली आहे. आम्ही थेम्स नदीतून बोटीने जाणार, म्हणजे आई बसून शहर बघेल. वेधशाळा टेकडीवर आहे, आई खाली बागेत बसेल. लेकीने नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि टॉवर ऑफ लंडन सांगितले. कोहिनूर तिथेच मुकुटात बसवलेला आहे. टॉवरचे तिकीट महाग आहे, म्हणून तिथे लेक आणि तिची आई दोघीच जाणार.

लंडनमध्ये सर्वांत मोठी सोय म्हणजे राष्ट्रीय संग्रहालये फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांत कायमची दालने बघायला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र आधी ऑनलाईन नोंदवावी. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. आपल्या मातीतले बुद्धशिल्प विलायतेत जाऊन बघावे लागते याचे वाईट वाटते, पण बघायचे सोडू नये.

माझी दोन ठिकाणे तुम्ही ओळखली असतील. एक, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथून बाबासाहेबांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली. दुसरे, ग्रेज इन, जिथे ते बॅरिस्टर झाले. दोन्ही ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरात आहेत. ती चालत्या कामाची ठिकाणे आहेत, म्हणून आत जाण्यापूर्वी चौकशी करावी. ग्रेज इनची बाग कामाच्या दिवशी दुपारी लोकांना खुली असते.

आणि आईचे एकच ठिकाण. उत्तर लंडनमधल्या प्रिमरोझ हिल भागात, चॉक फार्म स्थानकाजवळ, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. पुढे निवासी भागात संग्रहालय चालवण्यावरून स्थानिक परवानगीचा वाद झाला, तो २०२० मध्ये स्मारकाच्या बाजूने सुटला. जाण्याआधी उघडण्याचे दिवस आणि वेळा विचारून घ्याव्यात. आम्ही हा दिवस मधला ठेवला आहे. त्या दिवशी दुसरे काहीच नाही.

यॉर्कला मध्ययुगीन तटबंदी आणि फुकट बघता येणारे रेल्वे म्युझियम आहे. १९३८ मध्ये वाफेच्या इंजिनांत वेगाचा विक्रम करणारे मॅलार्ड इंजिन तिथे उभे आहे. कल्याणला रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाला रेल्वे निवांत बघायची हौस असते! एडिंबरोला खडकावरचा किल्ला. चढ आहे, म्हणून आई खालच्या बागेत बसून किल्ला बघणार. किल्ले खालूनच चांगले दिसतात, असे तीच म्हणाली.

बारीकसारीक, पण महत्त्वाचे

लंडनच्या भुयारी रेल्वेत अनेक स्थानकांवर जिने आहेत. लिफ्ट असलेल्या स्थानकांचा वेगळा नकाशा मिळतो. बस मात्र सगळ्या सपाट पायरीच्या. बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवावे लागते. एका माणसाला एक कार्ड.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय फुकट असते. तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी सांगावे. आईला हे सांगितले तर ती रुसली, "मी काय लुळी हाय?" तिला समजावले की मोठा विमानतळ म्हणजे आपल्या गावापासून एसटी स्टँडपर्यंतची चाल.

व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, तरी काढावाच. परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पूर्ण बिल येते. विमा काढताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका. लपवलेला आजार म्हणजे नाकारलेला दावा. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत.

भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे तूप आणि पेढे घरीच. चिवडा, भाजणी, मसाले न्या. नळाचे पाणी तिथे बिनधास्त पिता येते, बाटल्या विकत घेऊ नका. सकाळी आणि रात्री घरी वरणभात, दुपारी दुकानातले सँडविच, असा आमचा बेत. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा जोड इथूनच न्या.

लोक काय म्हणतील

शेवटी तो प्रश्न. वस्तीतल्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "अभ्यासिकेच्या पंख्यांसाठी तुम्ही दारोदार फिरता आणि स्वतः सात लाख उडवता?" प्रश्न चुकीचा नाही. मी त्याला अभ्यासिकेची पावती पुस्तके दाखवली. माझे आणि पत्नीचे नाव त्यात दरवर्षी आहे. पण पावती दाखवून प्रश्न संपत नाही, हे मलाही कळते. सात लाखांत पंखे, पुस्तके, दोन मुलांची फी, पुष्कळ काही होते. मी त्याला एवढेच म्हणालो की माझ्या आईने तीस वर्षे दुसऱ्यांचे रस्ते झाडले. तिला एकदा दुसऱ्याच्या देशातला रस्ता नुसता चालत बघायचा असेल, तर तो हिशेब मी मनात वेगळ्या रकान्यात लिहितो. त्याला पटले की नाही, माहीत नाही. तो अजून अभ्यासिकेत येतो, माझ्याशी वाद घालतो. ते चांगलेच आहे.

हा लेख लिहीत असताना आमचे अर्ज जाऊन बारा दिवस झालेत. उत्तर आलेले नाही. रेल्वेची स्वस्त तिकिटे रोज कमी होत आहेत आणि मी रोज सकाळी ई-मेल उघडून बघतो. लेक म्हणते, "बाबा, तुमचाच निकाल आधी लागणार, माझा नंतर." आई मात्र शांत आहे. तिने प्रौढ साक्षरता वर्गात सही शिकली. केंद्रावर त्या बाईंनी ठसे घ्यायला हात पुढे करा म्हटले, तेव्हा आई म्हणाली, "मला सही येते." त्यांनी हसून सांगितले की आजी, इथे शिकलेल्यांचेही ठसेच घेतात.

होकार आला तर परत आल्यावर खर्चाचा खरा ताळेबंद याच सदरात मांडीन, अंदाज कुठे चुकला तेही सांगेन. नकार आला तर तोही मांडीन, कारणासह. तोवर ज्यांच्या मनात असा बेत असेल त्यांनी पुढच्या महिन्याच्या पगारातून पहिला हप्ता टाकावा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारावा, तुला काय बघायचे आहे?

जयभीम!